गिरजीच्या रक्तातल्या मोठ्या टिकल्या

बाई, तुमच्या मयताला मी आल्तो, पण तुमच्यापाशी यायच्या आधी दुसऱ्याच्याच मयताला रडून आलो. हे तुमाला सांगितल्याबिगर मला चैन पडंना.

खबर आली तवा मी शेळ्या घेऊन माळावर व्हतो. तसाच पळालो. जाफराबादेत पूर्णाकाठी पोचलो तर समोर तिरडी टेकवलेली, भोवती माणसं. कोणाला इचारलं न्हाई, काही न्हाई. धाडकन पायाशी पडलो आन् गळा काढला, "माझी माय गेली वो! माझ्या लेकीला जिती करणारी गेली!"

जरा वेळानं एकानं खांद्यावर हात ठेवला. म्हणला, "पाव्हणं, तुमी कोण?"

"मी बिरू धनगर. बाईंचे लई उपकार हायेत माझ्यावर."

"कोणत्या बाईचे? हा आमचा बाप हाये."

मान वर केली तर तिरडीवर ह्या एवढ्या पांढऱ्या मिशा. तुमची चिता पलीकडं, बाभळीच्या अंगाला रचल्ती. तिथवर पोचलो तर डोळे पार कोरडे. सगळं रडणं त्या मिशावाल्यापाशी सांडून आल्तो. लोक म्हणले असतील, बघा, ज्याच्या लेकीला बाईनं वाचवलं त्याच्या डोळ्यात टिपूस न्हाई.

हसलात ना? मला ठावं हाये, हसलात. तुमी आधी दटावायच्या आन् मंग पदर तोंडाला लावून हसायच्या.

मला लिहिता येत न्हाई. शाळेचे मास्तर लिहून राह्यलेत, मी बोलून राह्यलो. मास्तर म्हणले, "बिरू, असं न्हाई. आधी जन्म कुठं झाला, शिक्षण कुठं झालं, दवाखान्यात कवा आल्या, असं बराबर सांग." मी म्हणलो, "मास्तर, हे सगळं बाईंना ठावं हाये. त्यांचाच जन्म त्यांनाच काहून सांगू?" मास्तरांनी पुन्हा टाक उचलला. आता मी जे बोलंन ते लिहितेत. चुकलं तर त्यांचं, बरं निघालं तर माझं.

तुमी पहिल्यांदा भेटल्या तवा मी बाजारात शेळ्या इकून राह्यलो व्हतो, आन् माझी लेक मांडीवर घेऊन बसल्तो. बसल्तो म्हणजे काय, तिला दाखवूनच इकून राह्यलो व्हतो. "बघा वो बघा! बाप कोळसा, माय तवा, आन् लेक बघा! पिठासारखी गोरी! सगळी ह्या शेळीच्या दुधाची करामत! दुसरं काहीच न्हाई पोटात!" बाया थांबायच्या, गिरजीचा गाल धरायच्या, म्हणायच्या, "अगं बाई, काय रंग हाये!" मी फुगून ढोल. आमच्या सात पिढ्यांत कोणी गोरं झालं नव्हतं. मी एकट्यानं करून दाखवलं, असं मला वाटायचं.

तुमी छत्री मिटवत आल्या. मला वाटलं, वा, डाक्टरीणबाईबी शेळी घेत्यात! तुमी शेळीकडं बघितलंच न्हाई. गिरजीच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढली.

"कधीपासून अशी आहे?"

"जत्रेच्या टायमापासून गोरी व्हायला लागली, बाई."

"गोरी?" तुमचा आवाज असा चढला की शेळीनं बी मान वळवली. "अरे, ही गोरी नाही. हिच्या अंगातलं रक्त कमी होत चाललंय."

"कमी? मंग गेलं कुठं? मी तर न्हाई पेलो."

सगळा बाजार हसला. तुमी हसल्या न्हाईत. माझा हात धरून तुमी गिरजीच्या छातीवर ठेवला. म्हणल्या, "बघ. बसल्या जागी पोर धापते आहे. पळून आल्यासारखं काळीज उडतंय तिचं. आणि तू तिला दुकानावर मांडून बसलायस."

माझ्या हाताखाली ते उडून राह्यलं व्हतं. चिमणी मुठीत धरावी तसं. माझं हसणं तिथंच गेलं.

त्याचं असं व्हतं, बाई, जे मी तुमाला तवा सरळ सांगितलं न्हाई. गिरजीच्या आधीची आमची लेकरं जगली न्हाईत. येसूला, माझ्या बायकोला, दूधच आलं न्हाई ह्या बारीला. म्हणून मी बिरोबाला बोललो, "देवा, ही एक जगू दे. हिचं जावळ काढेस्तोवर शेळीच्या दुधाबिगर दुसरं काही हिच्या तोंडात घालणार न्हाई." लोक नवसाला सोनं बोलतेत, बकरं बोलतेत. म्या घरचं दूध बोललो. बिलकुल खर्चा न्हाई. स्वतःवर लई खूश झाल्तो. जावळ काढतेत बिरोबाच्या जत्रेत. मंग जत्रा आली तवा आमी शेळ्या घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं गेल्तो, जावळ राह्यलं. म्हणलो, पुढच्या जत्रेला काढू. पोर चालायच्या वयाची झाली तरी नुसत्या दुधावर. भाकरीचा तुकडा मागायची, मी हातातून काढून घ्यायचो. देवाला शब्द दिल्ता ना.

दवाखान्यात नेलं. तुमी गिरजीच्या बोटाला सुई टोचली, थेंब टिपकागदावर घेतला. तुमच्यापाशी एक पट्टी व्हती, लाल रंगाची, एका टोकाला गडद, दुसऱ्या टोकाला फिका. तो डाग त्या पट्टीशी लावत लावत गेल्या. गडद सोडला, त्याच्या खालचा सोडला, जात जात पार फिक्या टोकाशी आल्या. तिथं थांबल्या.

मी म्हणलो, "रक्त कमी हाये व्हय? मंग द्या की रक्ताचं औषध, आमी जातो."

तुमी माझ्याकडं असं बघितलं जसं मी शेळीला मांजर म्हणलो. "बिरू, तुझी शेळी दूध देत नसली तर काय करतोस?"

"बघतो काय झालं ते. कासेला काही झालंय का, पाला कमी पडला का, गाभण हाये का."

"मग? दूध नाही म्हणजे एकच कारण असतं का? तसंच रक्ताचं. ह्या पट्टीनं कळतं की कमी आहे. का कमी आहे ते कळत नाही. एखाद्या लेकराच्या पोटात बारीक जंत असतात, ते आतून रक्त पितात. एखाद्याला हिवताप असतो, तो रक्त फोडतो. एखाद्याला रक्त करायला जे लागतं तेच मिळत नाही. तिघंही सारखीच फिकी दिसतात. औषध मात्र तिघांना तीन."

तुमी हे बोलून राह्यल्या तवा तुमचे डोळे असे चमकून राह्यले व्हते की मला वाटलं, रोग सांगतेत का जत्रेतला तमाशा! तुमाला त्याची नशाच व्हती, बाई. लोक पानाला लागतेत, तमाखूला लागतेत, तुमी लेकरांच्या रक्ताला लागल्त्या.

गिरजीच्या पोटात जंत निघाले न्हाईत. मंग काच करायची व्हती. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेच्या धारेनं सर्रकन पातळ पसरवायचा, वाळवायचा, रंग द्यायचा, मंग दुर्बिणीत बघायचं. पण इथल्या इहिरीचं पाणी खारं. रंग धरंचना. काचेवर नुसता निळा चिखल. तुमी म्हणल्या, "तोवर लोहाचं औषध देऊन बघू, बहुतेक लेकरांना तेच लागतं." काळं काळं ते पाणी. गिरजीसंगं अजून लेकरं पिऊन राह्यली व्हती. ती सगळी हळूहळू टवटवीत व्हायला लागली. एक कुंभाराचं पोर तर इतकं सुधरलं की दवाखान्याच्या बाटल्या फोडायला लागलं. आन् माझी गिरजी? भिंतीला टेकून बसायची. मी हात पुढं केला तरी तिचा हात यायचा न्हाई. रडायची बी न्हाई आता. रडायला जोर लागतो.

एक दिवस येसू मला हळूच म्हणली, "आवो, हे डोळे मी ओळखते. आधीच्या लेकरांचेबी शेवटाला असेच व्हते."

मी त्या दिवशी कायबी थट्टा केली न्हाई. तुमी इचारलं, "बिरू, आज आजारी आहेस का?"

मंग तुमी वाफेचं पाणी धरायचं ठरवलं. किटलीच्या तोंडाला नळी, नळीवर ओलं फडकं, फडक्यावर थंड पाणी वतायला मी, आन् नळीच्या टोकाला बाटली. वाफ गार व्हऊन थेंब थेंब बाटलीत. असलं पाणी रंगाला चालतं म्हणे, त्यात मीठबीठ काही नसतं. तुमी दुसऱ्या पेशंटाकडं गेल्या. बाटली बघून मला वाटलं, एवढीशी बाटली! बाईंच्या कामाला हात आखडता काहून घ्यायचा? मी बाटली काढली आन् येसूची घागर लावली. तुमी आल्या, बघितलं, वास घेतला.

"बिरू, ही घागर कशाची?"

"ताकाची, बाई. पण धुतलेली."

तुमी काय काय बोलल्या ते मास्तरांना लिहिता येणार न्हाई. अर्धं उर्दूत व्हतं. मी पुन्हा किटली चढवली. पुन्हा बसलो. ह्या बारीला बाटलीच्या जवळ श्वासबी जपून घेतला.

काचेला रंग बसला! तुमी उजेडाकडं धरली आन् म्हणल्या, "बसला रे!" मला वाटलं आता झालं, पोर बरी झाली. मी नाचायलाच लागलो. तुमी म्हणल्या, "अजून काहीच नाही झालं. इकडं ये, आधी तुझं रक्त दे. चांगलं रक्त कसं असतं ते शेजारी पाहिजे मला."

"माझं? चांगलं?"

"दुसरं कोण आहे इथं एवढं काळंकुळकुळीत आणि धडधाकट?"

ही तारीफ ऐकून मी बोट पुढं केलं. सुई लागली. लाल थेंब वर आला. पुढचं मला ठावं न्हाई. जागा झालो तवा मी जमिनीवर, कुंभाराचं पोर माझ्या छातीवर बसून हसून राह्यलं व्हतं, आन् तुमी दुर्बिणीला डोळा लावून म्हणून राह्यल्त्या, "ह्याला उचलून बाजूला ठेवा, माझा पाय अडतोय." शेकड्यानं बकरी खाटकाला इकलेला माणूस मी, आन् आपल्या एका थेंबाला आडवा!

मंग तुमी मला दाखवायला बोलवलं. म्हणल्या, "एक डोळा मिट आणि बघ." मी मिटला, बघितलं. काय दिसंना. पण बाईंनी एवढ्या हौसेनं बोलवलंय, न्हाई कसं म्हणावं? मी म्हणलो, "वा! वा! काय गर्दी हाये! लाल लाल! जणू बाजार भरलाय!"

"काच अजून माझ्या हातात आहे, बिरू."

बरं, मंग तुमी काच ठेवली. खरंच दिसलं. बाई, काय दिसलं! गोल गोल टिकल्या, एकसारख्या, पसरलेल्या, जणू कोणी बांगडीवाल्यानं टिकल्यांची पुडी उलटी केली. तुमी म्हणल्या, "हे तुझं." मी त्या माझ्या टिकल्यांना रामराम केला. मंग दुसरी काच, कुंभाराच्या पोराची, औषधाआधीची राखून ठेवलेली. बारीक बारीक टिकल्या, मधून फिक्या, जणू आतून पोखरल्या. "ह्याच्या पोटात जंत होते. लोह संपत आलं होतं." आन् तिसरी काच.

"ही गिरजीची. बघ."

मी बघितलं आन् उडालो. मोठाल्या! माझ्यापेक्षा बी मोठ्या! ह्या एवढाल्या, भरलेल्या, फुगलेल्या टिकल्या! मी दुर्बिण सोडली, बाहेर पळालो, येसू वसरीत गिरजीला घेऊन बसल्ती तिला म्हणलो, "येसे, आपल्या पोरीचं रक्त साऱ्या तालुक्यात भारी हाये! माझ्याहून मोठं! कुंभाराच्या पोराचं तर काहीच न्हाई तिच्यापुढं!" बसलेल्या सगळ्या बायांना सांगितलं. एकीनं तर हात जोडले.

मागून तुमी आल्या. मला वाटलं, चिडल्या. पण तुमी माझ्याहून जास्ती उडून राह्यल्त्या! तुमच्या हाताला निळा रंग, कपाळाला निळा रंग, पदर खांद्यावरून घसरलेला. "बिरू! अरे वेड्या! मोठ्या आहेत, तेच तर! मोठ्या आहेत पण किती थोड्या आहेत, बघितलंस का? आणि कच्च्या आहेत. पिकायच्या आधीच बाहेर पडल्यात. हिला लोह कमी नाहीये! आपण लोह पाजत बसलो! हिला दुसरंच काहीतरी मिळत नाहीये, रक्त पिकवणारं. आणि ते शेळीच्या दुधात नाहीये!"

मी म्हणलो, "शेळीच्या दुधाला नाव ठेवू नका, बाई."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुमी म्हणल्या, ते कलेजीत असतं, कलेजी द्यायची. शेळीची कलेजी, अर्धीकच्ची शिजवून, घोटून, गाळून, रोज. पालेभाजीचं पाणी. आन् दूध कमी. मी म्हणलो, नवस हाये. जावळ निघाल्याबिगर दुसरं काही चालत न्हाई. जत्रेला अजून लई अवकाश. तुमी म्हणल्या, तोवर पोर राहणार नाही. मी म्हणलो, देव कोपला तर तशीबी राहणार न्हाई, बाई, आधीची गेली ना. एवढा मोठा हसऱ्या तोंडाचा माणूस मी, तुमच्यापुढं उभा राहून लेकरावाणी हुंदके देऊन राह्यलो व्हतो.

तवा येसू बोलली. ती कवाच बोलत न्हाई तुमच्यापुढं. म्हणली, "आवो, तुमी देवाला काय बोलल्ते? जावळ काढेस्तोवर ना?"

"हौ."

"जत्रेला काढीन, असं बोलल्ते का?"

मी आठवलं. "न्हाई. तसं न्हाई बोललो."

"मंग कातर कुठं हाये?"

आमच्या धनगराच्या कमरेला मेंढरांची लोकर कातरायची कातर असतेच. येसूनं दवाखान्याच्या वसरीतच पोतं अंथरलं. पण जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवावं लागतं. येसूचा भाऊ तिकडं हसनाबादला. आता मामा कुठून आणायचा? तुमी चपला काढल्या, पोत्यावर मांडी घालून बसल्या, म्हणल्या, "दे इकडं. आज मी मामा."

हैदराबादेहून शिकून आलेली डाक्टरीण, कपाळाला निळा रंग, मांडीवर माझी मरायला टेकलेली लेक. मी बिरोबाचं नाव घेतलं आन् कातर चालवली. एका बाजूचे केस पार गेले, दुसऱ्या बाजूला झुपके राह्यले. अर्धं कातरून सोडलेलं मेंढरू जसं. येसू म्हणली, "आयुष्यभर मेंढरं कातरली, आन् लेकीच्या टायमाला हे?" तुमी म्हणल्या, "राहू दे, देवाला एवढी बारीक नजर नसते." आन् तिथंच, जावळाच्या केसांतच, तुमी बोटानं गिरजीला पहिली कलेजी चाटवली.

तिनं ती माझ्या तोंडावर थुंकली. नेम बराबर.

पुढचे दिवस मी कसे सांगू! खाटकापाशी मी सकाळीच जाऊन उभा. येसू घोटायची, मी चारायचो. गिरजी तोंड फिरवायची. मी तिला दाखवायला स्वतः खायचो, "मम मम, बघ बा खातोय." असं करून करून अर्धी कलेजी मीच खाल्ली. तुमी म्हणल्या, "बिरू, तुझ्या टिकल्या आता भाकरीएवढ्या झाल्या असतील." मंग तिनं एक दिवस आपणहून तोंड उघडलं. मंग दुसऱ्या दिवशी वाटीला हात घातला. मंग माझी मिशी ओढली. बाई, ती मिशी इतकी दुखली की मी खुशीनं ओरडलो!

आन् ती सकाळ. तुमी पुन्हा काच केली, दुर्बिणीवर वाकल्या. मी दाराशी. मी म्हणलो, "बाई?" तुमी काच जराशी सरकवली. मंग हळूच म्हणल्या, "नवी आली." मी म्हणलो, "कोण आलं?" तुमी उठल्या, स्टूल मागं पडलं. "नवी पिल्लं आली रे, बिरू! कळपात नवी पिल्लं आली! हे बघ, निळसर झाक आहे ना, ह्या आत्ताच जन्मलेल्या. एवढ्या! हिचं अंग रक्त करायला लागलंय!" मी आत पळालो, दाराच्या चौकटीला डोकं आपटलं, टेंगूळ आलं, तरी बघितलं. निळसर व्हत्या की न्हाई ते देव जाणे, मला त्या वख्ताला सगळंच निळं दिसून राह्यलं व्हतं. पण मी म्हणलो, "हौ बाई! आली! पिल्लं आली!" तुमी हसल्या. ह्या बारीला काच जागेवर व्हती.

मंग गिरजीचा रंग उतरायला लागला. गोरेपणा गेला, आधी कानाच्या पाळ्या, मंग व्हट, मंग गाल, अशी ती काळी व्हत गेली. माझ्यासारखी. लख्ख काळी. मी तिला खांद्यावर घेऊन बाजारात गेलो, तिथंच, जिथं मी तिला मांडून बसल्तो, आन् वरडलो, "काळी झाली! माझी पोर काळी झाली वो!" शेळी घेतलेली एक बाई म्हणली, "अरे, मला म्हणल्ता दुधानं गोरी व्हते!" मी म्हणलो, "मावशे, शेळी परत दे, न्हाईतर कलेजी खा." लोकांना वाटलं, बिरू यडा झाला. झाल्तोच.

तवापासून मी तुमचा झालो. गावोगाव तुमी गेल्या, मी पुढं. लेकरं सुईला भ्यायची, आया लपवायच्या. मंग मी पुढं व्हऊन म्हणायचो, "काय भेता? बघा, मी टोचून घेतो, कायबी व्हत न्हाई." आन् टोचून घेतलं की आडवा. दर बारीला. लेकरं हसून लोळायची, आन् हसता हसता आपली बोटं पुढं करायची. "बिरूकाका पडला, मी न्हाई पडलो!" तुमी म्हणायच्या, "तुझ्याएवढा कामाचा घाबरट मला साऱ्या हैदराबाद राज्यात मिळणार नाही." कोणाचे जंत निघाले, कोणाचा हिवताप, कोणाच्या गिरजीसारख्या मोठ्या टिकल्या. दर काचेला तुमची तीच उडी. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत एखाद्या बारीला तरी कंटाळा येईल. कवाच आला न्हाई.

पण भांडण राह्यलंच ना, बाई. शेळीच्या दुधाचं. तुमी म्हणायच्या, दूध वाईट नाही, पण एकट्यानं पुरत नाही. मी म्हणायचो, "मंग शेळीचं पिल्लू त्याच दुधावर कसं उड्या मारतं?" तुमी म्हणायच्या, "पिल्लू थोडं मोठं झालं की पाला कुरतडायला लागतं. तू गिरजीला पाला कुरतडू दिलास का?" मी चिलीम भरत बसायचो. तुमी इचारायच्या, "बोल की. पिल्लात आणि तुझ्या पोरीत फरक काय?" वर्षं गेली, जवाब सुचला न्हाई.

काल पूर्णाकाठाहून परतताना सुचला. फरक एवढाच, बाई, की पिल्लाचा बाप नवस बोलत न्हाई.

ऐकलं असतं तर तुमी पदर तोंडाला लावून खाली बसल्या असत्या. मी रस्त्यात एकटाच हसलो. हसता हसता रडलो. मिशावाल्यापाशी सांडून उरलेलं थोडं व्हतं, ते तिथं निघालं.

आन् एक राह्यलं. तुमाला मी कवा "उपकार झाले" म्हणलो न्हाई. म्हणायला आलो की तोंडातून थट्टाच निघायची. एकदा तर पक्कं ठरवून आल्तो, नवं धोतर नेसून. तुमी इचारलं, "काय रे, आज नवरदेव?" मी म्हणलो, "हौ, शेळी बघायला आलोय." आन् परत गेलो. तुमाला कळलं असंल. कळलं असंल ना? मास्तर म्हणतेत, कळलं असंल, लिहून टाकतो. म्हणून लिहून ठेवलं.

गिरजीला मात्र तुमी आवडायच्या न्हाईत. खरं सांगतो. तिला काय आठवतं? तिला तुमी म्हणजे दर जत्रेला बोट टोचणारी बाई. लांबून छत्री दिसली की ती शेळ्यांत लपायची. तुमी तिला शोधून काढायच्या, डोळ्याची पापणी ओढायच्या, आन् खूश व्हऊन माझ्याकडं बघायच्या. ती म्हणायची, "ही बाई माझ्याच मागं काहून?"

आज सकाळी तिला सगळं सांगायचं ठरवलं. माळावर शेळ्या सोडल्या, तिला जवळ बोलवलं. म्हणलो, "गिरजे, बस. तुला एक सांगतो. तू लहान व्हती तवा..."

"बा, चालता चालता सांग की. शेळ्या वर गेल्या."

"अगं, बसून ऐकायची गोष्ट हाये."

"मंग वर बसू."

आन् निघाली. मी मागून सांगत चाललो. बाजाराचं सांगितलं, टिपकागदाचं सांगितलं. ती पुढं. टिकल्यांपर्यंत आलो तवा ती दगडावरून दगडावर. "आन् बाई म्हणल्या, मोठ्या हायेत पण थोड्या!" असं मी खालून वरडलो. तिनं वरून इचारलं, "कोणाच्या?" मी म्हणलो, "तुझ्या!" आन् माझा दम सरला. चढावर निम्म्यात बसलो. काळीज असं उडून राह्यलं व्हतं की बोलवंना.

ती पार माथ्यावर पोचल्ती. शेळीमागं पळाली, वळवून आणली, पुन्हा पळाली. तिथून हाका मारून राह्यली व्हती, "बा, मंग काय झालं? सांग ना! मंग काय झालं?" एवढा चढ चढूनबी आवाज खणखणीत. धाप म्हणून न्हाई, बाई. बिलकुल न्हाई.